रिकाम्या पट्ट्यांचं ओझं

पुक्, पुक्, पुक्... ऐकलात ना आवाज? मीच तो. गुरुदासच्या गिरणीतलं तेलावर चालणारं इंजिन. खाडीपलीकडच्या माणसालाही माझा आवाज जातो, आणि मधेच थांबलो तर "आज इंजिनाक काय झाला?" म्हणून लोक हातातलं काम टाकून विचारतात. इतकी माझी गावात वट आहे. बढाई मारतोय म्हणालात तरी चालेल. ज्याच्या अंगाला दोन हातभर रुंद चाकं लावलीत, त्याने थोडी बढाई मारायची नाही तर काय करायचं?

माझा जन्म घाटावरचा. कोल्हापूरकडच्या एका कारखान्यात मला ओतलं, घासलं, हिरवागार रंग दिला आणि रांगेत उभं केलं. माझी भावंडं कुणी उसाच्या मळ्यावर गेली, कुणी विहिरीवर. मला वाटलं, आपलंही आयुष्य गुळाच्या वासात जाणार. पण कुठलं काय! एक दिवस सावंतवाडीचा ट्रक आला आणि मला घेऊन आंबोलीचा घाट उतरायला लागला. पोटातलं पाणी हललं नाही असं माणसं सुखाच्या प्रवासाबद्दल म्हणतात. माझ्या पोटात पाणीच नव्हतं, तरी ते हललं.

ट्रकमध्ये माझ्या शेजारी बसला होता गुरुदास. अंगाने काटकुळा, बोलायला दांडगा. आमच्या गावात तेव्हा बायका भात घरीच कांडायच्या आणि पीठ घरच्या जात्यावर दळायच्या. गुरुदासने सावंतवाडीच्या बाजारात गिरणी बघितली आणि घरी येऊन जाहीर केलं, "माझ्या वयनीच्या हाताक घट्टे पडले. आता गावात गिरण येतली!" वयनी म्हणजे त्याची भावजय, तुळसा. सासू लवकर गेली, तेव्हा या लहान दिराला तिनेच वाढवलं. तो तिला घाबरायचाही, आणि तिच्यासाठी डोंगर हलवायलाही तयार असायचा. ते साल छप्पन.

आता गाव खाडीच्या पलीकडे. पूल नाही. मग दोन होड्या एकमेकींना बांधल्या, वर फळ्या टाकल्या आणि त्यावर मला बसवलं. भरतीची वेळ, वारा सुटलेला. अर्ध्या खाडीत एक होडी जी कलली, ती कललीच. माझं एक चाक पाण्याला टेकलं. होडी हाकणारा तांडेल ओरडला, "दोर सोडा! इंजिन जांव दी, माणसां वाचवा!" आणि आमचा गुरुदास काय करतो? मला मिठी मारून बसला. डोळे मिटले आणि गावच्या देवीला, सातेरीला, नवस बोलला.

"आई सातेरी, ह्याका काठाक लाव! तुझ्या नावान गिरणीतली सगळी यंत्रां दिवसभर फिरती ठेवीन. एकव पट्टो उभो ठेवचंय नाय!"

होडी सावरली. देवीने सावरली की वारा पडला, ते मला ठाऊक नाही. मी लोखंडाचा, माझी अक्कल तेलापुरती. पण काठाला लागल्यावर गुरुदास मातीत लोळून रडला आणि हसला, आणि मी ठरवलं की या माणसासाठी आपण जीव तोडून फिरायचं.

मला व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या काठावर, शेतावरच्या कौलारू मांगरात बसवलं. माझ्यापासून एक लांब लोखंडी दांडा गिरणीभर गेला. त्या दांड्यावर चाकं, चाकांवर चामड्याचे पट्टे आणि प्रत्येक पट्ट्याला एक यंत्र. पीठ दळायचं जातं, भात सडायचं हलर, मिरची कुटायचा डंक आणि खोबऱ्याचं तेल काढायचा घाणा. दांडा फिरला की सगळी फिरणार. मला चालवायला गुरुदासने बाबलीला ठेवलं. बाबली म्हणजे गावातला सगळ्यात बडबड्या माणूस. सकाळी मला फडक्याने पुसताना तो गावातली एकूण एक बातमी माझ्या कानात ओततो. माझ्यासारखा ऐकणारा त्याला दुसरा कुठे मिळणार!

नवसाप्रमाणे सकाळी मी सुरू झालो की संध्याकाळपर्यंत चारही यंत्रं फिरायची. गिऱ्हाईक असो वा नसो. हलरमध्ये भाताचा दाणा नाही, तरी ते खडखडतंय. डंकाखाली मिरची नाही, तरी तो धाडधाड जमीन कुटतोय. घाण्यात खोबऱ्याची वाटी नाही, लाकडावर लाकूड नुसतं करकरतंय. दुपारी गिरणीत चिटपाखरू नसायचं, बाबली पोत्यावर आडवा पडून घोरायचा, आणि मी आपला त्या चौघांना ओढत घाम गाळायचो. लोक म्हणायचे, "गुरुदासाची गिरण कशी घुमता बघा!" ऐकून मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू? कौतुक कुणाला नको असतं?

तीन पावसाळे असेच गेले. मी दमायचो, पण भागत होतं. घोळ झाला तो वायंगणाच्या वेळी.

वायंगण म्हणजे पावसाळा संपल्यावर थंडीत लावायचं भात. त्याला आभाळाचं पाणी मिळत नाही, माणसाने द्यायचं. सहदेव, म्हणजे गुरुदासचा थोरला भाऊ आणि तुळसाचा नवरा, दरवर्षी वरच्या मळ्यात वायंगण करायचा. पाणी काढायचा हाताने, लाटीने. एका टोकाला दगड बांधलेला लांब ओंडका खाली ओढायचा आणि सोडायचा, पहाटेपासून उन्हं चढेपर्यंत. त्या वर्षी त्याची कंबरच गेली. अंथरुणावर कुशीला वळायचं तरी तुळसाचा हात लागायचा. वरचा मळा पडीक राहणार, आणि वायंगण नाही म्हणजे पावसाळ्यात खायला भात नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

गुरुदास छाती पुढे काढून म्हणाला, "वयनी, दादान आता लाटीक हात लावचो नाय. तू खुशाल पेर. माझां इंजिन पाणी देतला वरच्या मळ्याक!"

तुळसाने त्याच्याकडे नीट बघितलं. "बघ हां गुरुदासा. तुझ्या शब्दार पेरतंय."

गुरुदासने पंप आणला. दांडा भिंतीतून बाहेर काढला, व्हाळाला बांध घातला, चढावर नळ टाकला. माझ्या गळ्यात पाचवा पट्टा पडला. पहिल्या दिवशी तुळसा वर मळ्यात उभी, गुरुदास नळाच्या तोंडाशी, बाबली माझ्यापाशी. मी जोर लावला. पाणी नळातून चढायला लागलं, चढलं, चढलं... आणि वळणावर अडून परत खाली आलं. मी पुन्हा जोर केला. छाती फुटेल असं वाटलं, धूर काळा झाला, पुक् पुक् च्या जागी माझा नुसता खोकला सुरू झाला. वर मळ्यात पोचली ती ओंजळभर ओल.

"नवा आसा, हळूहळू लाईनीर येतला," गुरुदास म्हणाला. त्याचा चेहरा मात्र पडला होता.

कुठलं लाईनीवर येतंय! दिवसामागून दिवस गेले. खालच्या दळ्यांत, म्हणजे भाताच्या वाफ्यांत, थोडं पाणी पोचायचं, वरचा मळा आ वासून बसलेला. रोपं पोटरीला आली आणि पानांची टोकं पिवळी पडायला लागली. तुळसा डोक्यावरून घागरी वाहायची. एका बाईने घागरीने शेत भिजवायचं म्हणजे काय असतं, ते माझ्या दारावरून जाताना तिच्या मानेकडे बघून मला कळायचं. मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की रंग हिरवा नसता तर मी लाल झालो असतो.

तेवढ्यात रेडीहून गुरुदासच्या ओळखीचा भाई नावाचा माणूस आला. रेडीच्या खाणीवर खड्ड्यातलं पाणी उपसायची कामं तो घ्यायचा. त्याला इंजिन हवं होतं. गुरुदासने कपाळाला हात लावून त्याला सांगितलं, "ह्या इंजिनात दम नाय. शिमग्यापर्यंत वरच्या मळ्यात पाणी पोचला तर बरा, नायतर तू घेवन जा. मी दुसरा मोठा बघतंय."

दम नाही! मला! मी तिथेच उभा होतो हो, पाच फुटांवर. माझ्यासमोर माझ्याबद्दल असं बोलायचं! आणि तो खाणीतला लाल चिखल, आणि परका माणूस, आणि बाबली नाही. त्या दिवसापासून मी दर पुक् बरोबर एकच मागत होतो, की काहीही होऊ दे, पाणी वर चढू दे.

आणि एका सकाळी डंकाचा पट्टा तुटला.

तुटला तो कसा, तर काहीही न कुटता. नुसता धाडधाड आपटत होता आणि मधेच फट्! पट्टा सापासारखा उडून पोत्यांवर पडला. "मेलो तुटलो!" म्हणत बाबली सुई-दोरा शोधायला लागला. आणि मला काय वाटलं सांगू? डोक्यावरचा भारा कुणीतरी उतरवून घ्यावा तसं वाटलं. चाकं हलकी झाली, श्वास मोकळा झाला, वेग वाढला. पुक्पुक्पुक्पुक्! मी स्वतःच चकित झालो. आणि थोड्या वेळात वरच्या मळ्यातून तुळसाची आरोळी आली.

"पाणी इला! अगो बाय माझे, पाणी इला! ऐकलात काय, पाणी इला!"

ती नवऱ्याला हाक मारत होती. सहदेव घरात पडल्या पडल्या "खंय? खंय?" म्हणून ओरडत होता. तुळसाने खोऱ्याने पाटाचं तोंड मोकळं केलं, पाणी पहिल्या दळ्यात शिरलं... आणि इकडे बाबलीने मोठ्या तत्परतेने पट्टा शिवून परत चढवला. पाणी आटलं. माझा जीव परत कोंडला.

तुळसा खोरं हातात घेऊनच चढ उतरली आणि गिरणीच्या दारात उभी राहिली.

"बाबली, आत्ता काय केलंस तू?"

"काय नाय गो वयनी. डंकाचो पट्टो तुटललो. लगेच जोडलंय." बाबलीला शाबासकी हवी होती.

"कित्याक जोडलंस?"

"कित्याक म्हणजे?"

"तुटललो तेव्हा पाणी येत होता. परत तोड!"

बाबली हसायला लागला, मग तिच्या हातातलं खोरं बघून थांबला. तुळसाने गिरणीत नजर फिरवली. आत एक माणूस नाही, एक टोपली नाही.

"हो डंक आता कोणाची मिरची कुटता?"

"कोणाची नाय."

"हो घाणो?"

"कोणाचो नाय."

"आणि हलर?"

"तां पण... सध्या कोणाचा नाय."

"मगे फिरतत कोणासाठी?"

बाबलीने हळूच बोट वर केलं. "देवीसाठी."

तेवढ्यात गुरुदास धावत आला. तुळसाने पट्ट्याकडे हात केल्याबरोबर तो आडवा झाला. "वयनी, हात लावू नको! नवस आसा. खाडीत बोललंय मी."

"माझ्या घरात तीन चुली आसत," तुळसा म्हणाली. "माणसां आमी दोन. तिनय पेटवन ठेवतंय काय मी दिवसभर?"

"चूल येगळी, नवस येगळो."

"लाकडां तीच जळतत मेल्या! तुझां इंजिन दमला नाय. तू तेका फुकटच्या चाकरीक लावलंस."

अहो, मला तर तिच्या पाया पडावंसं वाटलं. इतकी वर्षं जे मला बोलता येत नव्हतं ते ती घडाघडा बोलून गेली. पण गुरुदासचे डोळे भरले. "वयनी," तो म्हणाला, "दादा आधीच अंथरुणार आसा. बोललेलो नवस मोडलंय आणि घरार काय इला, तर मी खंय तोंड दाखवू?"

तुळसाने खोरं खाली ठेवलं. त्याची भीती खरी होती, आणि तिला ती चिडून घालवता येणार नव्हती. "मगे आईकच इचारू या," ती म्हणाली.

आमच्याकडे असं अडलं की देवळात कौल लावतात. देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या फुलपाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न करायचा. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मी काही देवळात गेलो नाही. कसा जाणार? दुसऱ्या दिवशी पुसता पुसता बाबलीने सगळं सांगितलं.

देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान गावात आबांचा. वय झालेलं, पण आवाज असा की देवळाच्या कौलांवरचे कावळे उडावेत. आबांनी गुरुदासला विचारलं, "काय मागू?" गुरुदास म्हणाला, "नवस मोडू काय, म्हणान इचारा." आबांनी विचारलं. सगळे पाकळ्यांकडे बघत बसले. पाकळ्या जागच्या हलेनात. उजवी नाही, डावी नाही. लोक पाय बदलून बदलून उभे राहिले.

मागून तुळसाचा आवाज आला, "आबानू, इचारलास ता बरोबर नाय."

आबा गर्रकन वळले. "देवीक काय इचारूचा ता तू माका शिकवतलंस?"

"तुमका नाय हो. गुरुदासाक शिकवतंय. नवस मोडूक कोण सांगता? आईक इचारा, तिका रिकामी चाकां होयी काय म्हणान."

देवळात कुजबुज झाली. आबांनी मिशीवरून हात फिरवला. मग, बाबली सांगतो, त्यांचा चेहरा हळूहळू उजळला आणि त्यांनी पुन्हा हात जोडले.

"हे आई सातेरी म्हाराजा! तुझ्या ह्या लेकरान भियान नवस बोललो. आज तां तुझ्या पायाशी इला. ज्या यंत्राफुडे तुझ्या लेकरांचा धान्य येयत, तां फिरांदे. जेच्याफुडे कोण नाय, तेका गरज लागासर इसवाटो घेवंदे. ह्यां तुका मान्य असात, तर उजवो कौल दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव एका सुरात बोलला. आणि त्या आवाजाचा शेवट व्हायच्या आत उजवीकडची पाकळी टपकन खाली पडली. गुरुदास देवळातच वयनीच्या पायांवर पडला. बाबली म्हणाला, "मी पण रडलंय रे इंजिना. पण कोणाक सांगू नको." मी आजवर सांगितलं नव्हतं.

झालं, माझे दिवस पालटले! सकाळी बाबलीने लांब काठीने एकेक पट्टा दांड्यावरून उतरवला आणि खुंटीला अडकवला. डंक गप्प. घाणा गप्प. हलर गप्प. गिरणीत इतकी शांतता झाली की व्हाळाचं पाणी मला पहिल्यांदा ऐकू आलं.

पण थांबा, आनंदात बाबली बहकला. कौलाचा अर्थ त्याने असा घेतला की दारात माणूस नाही, तर पट्टा नाही. दारात कोणी दिसेना, तसा त्याने पंपाचाही पट्टा उतरवला, माझं तेल कमी केलं आणि बिडी ओढायला वडाखाली जाऊन बसला! मी सांगणार कसा? मी नुसता पुक्... पुक्... करत उभा. तुळसा वर मळ्यात नळाच्या तोंडाकडे डोळे लावून बसलेली.

शेवटी तिची स्वारी परत खाली आली. वडाखाली बाबलीची जी हजेरी घेतली ती मला आतपर्यंत ऐकू आली. "शेत तुका हाक मारूक येतला काय रे? 'बाबल्या, माका तान लागली' म्हणान? शिरा पडली तुझ्या अकलेर!"

"तुमीच सांगितलास मा, कोण नाय तर बंद!" बाबली रडवेला होऊन म्हणाला.

ते खरंच होतं. भाताला तोंड नाही, ते दारात येऊन उभं राहत नाही. तुळसालाच हसू आलं. तिने आपल्या जुन्या लाल लुगड्याचा काठ फाडला, एका बांबूला बांधला आणि वरच्या मळ्याच्या बांधावर तो बांबू रोवला. "ह्या फडक्याकडे बघ. वर आसा तवसर पंप चालू. खाली केलंय, की बंद. कळला?" गिरणीच्या दारातून ते फडकं लख्ख दिसायचं. बाबलीने मान हलवली आणि पंपाचा पट्टा चढवला.

आता ऐका. माझ्या अंगावर एकच पट्टा. सगळं बळ त्या एका कामाला. मी असा फिरलो, असा फिरलो, की कौलांची धूळ पडली! पाणी नळात शिरलं, वळणावर आलं, वळण ओलांडून वर गेलं आणि नळाच्या तोंडातून मनगटाएवढी धार बाहेर पडली. पाटात. पाटातून पहिल्या दळ्यात. तिथून दुसऱ्या. गुरुदास चढ चढून धावला आणि गुडघाभर चिखलात उभा राहून त्याने पाणी वयनीच्या अंगावर उडवलं. "लहान आसस काय तू?" ती ओरडली, आणि तिनेही उडवलं. घरातून सहदेव विचारत होता, "इला काय? इला काय?" आणि दोघं एकदम ओरडली, "इला!"

दम नाही म्हणत होते मला!

गुरुदासचा नवस असा त्याच्या डोक्यावरून उतरला, तेव्हा तो मोकळ्या मनाने कामाला लागला. सावंतवाडीच्या चितारआळीतून त्याने तुकाराम मेस्त्रींना बोलावलं. हे मेस्त्री लाकडी खेळणी, पाट-पोळपाट कातणारे. त्यांनी प्रत्येक यंत्राच्या चाकाशेजारी एक लाकडी चाक बसवून दिलं, नुसतंच मोकळं फिरणारं. काम नसलं की पट्टा सरकवून त्या मोकळ्या चाकावर ठेवायचा, यंत्र थांबतं. काम आलं की परत खऱ्या चाकावर. काठीने पट्टे उडवायची दगदग संपली. आणि सवय कुठे जाते? मेस्त्रींनी त्या चाकांवर भोवऱ्यासारख्या लाल-पिवळ्या लाखेच्या रेघा काढल्या. माझी गिरणी जत्रेतल्या दुकानासारखी दिसायला लागली.

कुरकुर झालीच. गावातल्या काशीबाई टोपली घेऊन आल्या की पहिला शब्द, "हल्ली मेला थांबूचा लागता हयसर. आधी कसा फिरताच मिळायचा!" खरं आहे, थांबलेलं हलर सुरात यायला थोडा वेळ घेतं. पण बाबलीही तयार झाला. सकाळच्या गर्दीत जातं तो बंदच करत नाही. सणाच्या आदल्या दिवशी बायका वाटेवर दिसल्या, की डंकाचा पट्टा आधीच सरकवून ठेवतो. काशीबाई दारात पाय ठेवतात तो डंक चालू. मग त्या म्हणतात, "अगो, ह्यो तर मनकवडो झालो!" बाबलीची छाती दोन इंच वाढते.

शिमगा झाला आणि ठरल्याप्रमाणे भाई बैलगाडी, दोर आणि चार माणसं घेऊन आला. मला बघवेना. गुरुदास त्याला काही बोलला नाही. हाताला धरून वर मळ्यात घेऊन गेला. परत आला तेव्हा भाईच्या धोतराला चिखल लागला होता आणि तो हसत होता. "मेल्या, दम नाय म्हणान माका बोलावलंस आणि हो समुद्र दाखवलंस!" मग गिरणीभर फिरून त्याने ती रंगीत चाकं बघितली, एक हाताने फिरवूनही बघितलं, आणि जाताना गुरुदासकडून मेस्त्रींचा पत्ता नीट विचारून घेतला. गाडी रिकामी गेली. मी इतका खूश होतो की बाबलीने तेल बंद केल्यावरही माझी चाकं बराच वेळ फिरत राहिली.

आणि मग वायंगण पिकलं. काय पिकलं म्हणता! कापणी झाली, झोडणी झाली, आणि एका सकाळी तुळसा भाताची टोपली डोक्यावर घेऊन गिरणीच्या दारात आली. तिच्यामागे सहदेव. काठी टेकत, गुरुदासच्या खांद्यावर हात ठेवत, पावलापावलाला थांबत, पण आपल्या पायांनी. गिरणीत गर्दी होती, जात्यापुढे टोपल्यांची रांग होती. काशीबाईंचा नंबर आला होता.

गुरुदास सरळ आत आला आणि त्याने आपल्या हाताने पट्टे सरकवले. डंकाचा. घाण्याचा. पंपाचा. मग जात्यापाशी गेला, काशीबाईंकडे बघून "आत्ये, जरासा थांबा," म्हणाला, आणि जात्याचाही पट्टा मोकळ्या चाकावर ढकलला. ज्या माणसाने खाडीत डोळे मिटून एकही पट्टा उभा ठेवणार नाही म्हणून शपथ घेतली होती, त्याने एक हलर सोडून सगळी गिरणी थांबवली. काशीबाईंनीही कुरकुर न करता टोपली बाजूला सरकवली.

तुळसाने भात हलरमध्ये ओतलं. माझ्या सगळ्या अंगाला त्या भाताचं वजन लागलं. आजवर इतकं सुखाचं वजन मी ओढलं नव्हतं. खालून तांदूळ पडायला लागला. सहदेवने वाकून मूठभर घेतला, चार दाणे तोंडात टाकले, चावले, आणि बायकोकडे बघून म्हणाला, "गोड आसा गो." बस, एवढंच. तुळसाने पदर तोंडाला लावला. आणि मग गिरणीत जमलेल्या सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या, तांदूळ हातात घेऊन बघायला लागल्या, आणि तिने प्रत्येकीच्या टोपलीत एकेक मूठ टाकली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. माझा हिरवा रंग केव्हाच उडाला, एका चाकाला वेल्डिंगचा डाग आहे, धूर जरा जास्त येतो. गावात विजेचे खांब येणार म्हणून बोलतात. येऊ देत. मला हेवा नाही. पोटभर काम केलं आहे, आणि ज्याच्यासाठी करायचं त्याच्यासाठी केलं आहे.

तुमच्यासारखं कोणी दारात येऊन बसलं की मला बोलायला फार आवडतं. पण उगाच फिरत बसायची खोड तुळसाने माझी मोडली आहे. आता तुमचं ऐकून झालं, माझं सांगून झालं. मी थांबतो. काही दळायचं, सडायचं, भिजवायचं असलं, तर नुसती हाक मारा. मी इथेच आहे.